सासूबाईंचं सोडियम उतरलं, पोटॅशियम चढलं : दोष मिठाच्या चमच्याचा का?

प्रश्न : डिचोली तालुक्यातल्या एका गृहिणीचं पत्र आहे, नाव-गाव त्यांच्या इच्छेनुसार गाळलंय. घरात 71 वर्षांच्या सासूबाई. रक्तदाब जुना, त्यासाठी दोन गोळ्या. अलीकडे थोडी साखर, तिची एक. आणि गुडघे दुखले की फार्मसीतून आणलेली एक. गेल्या वर्षी नात्यातल्या एकाला पक्षाघात झाला आणि पत्र लिहिणाऱ्या या सुनेने मिठाचं मनावर घेतलं. लोणचं, पापड, सुकी मासळी बंद केली. साधं मीठ काढून ‘कमी सोडियम’चं पाकीट आणलं. रोज सकाळी दारच्या माडाचं आडसर (शहाळं) आणि दिवसाला तीन-चार लिटर पाणी सुरू केलं. एप्रिलअखेर सासूबाई एकदम गळून गेल्या. चालताना झोक जाऊ लागला, बोलता बोलता विषय निसटू लागला. रक्त तपासलं तर सोडियम 129, पोटॅशियम 5.7. डॉक्टरांनी रक्तदाबाची एक गोळी बदलली, आठवड्याने पुन्हा तपासायला सांगितलं आणि ‘यात हार्मोनचाही भाग असतो’ इतकं बोलून पुढच्या पेशंटला आत घेतलं. आता नणंद फोनवर म्हणते, ‘अळणी खाऊ घालून आईला तूच आजारी पाडलंस.’ सासऱ्यांनी ताटाशेजारी मिठाची वाटी ठेवायला सुरुवात केलीय. पत्रात विचारलंय : सोडियम भरून यायला मीठ वाढवू का? पोटॅशियमसाठी फळं-भाज्या बंद करू का? सत्तरी ओलांडलेल्या बाईला हार्मोन कसले? आणि खरंच माझं चुकलं का?

उत्तर :

ताई, आधी तातडीचं सांगते. झोक जाणं आणि विषय निसटणं अजूनही चालू असेल तर आठवडा थांबू नका. उद्या सकाळीच त्या डॉक्टरांना फोन करा आणि नेमकं विचारा : पोटॅशियम 5.7 आहे, आई अजून गोंधळल्यासारख्या वाटतात, रक्त लवकर तपासू का, ईसीजी काढू का? वयस्क माणसाचे दोन्ही आकडे एकाच वेळी बिघडलेले असताना दोन-तीन दिवसांत पुन्हा तपासलेलं बरं. त्या गुंगीत दिसल्या, असंबद्ध बोलू लागल्या, झटका आला, उलट्या थांबेनात, हातापायांतलं बळ गेलं किंवा छातीत धडधड वेडीवाकडी वाटली, तर फोन करत बसू नका. 108 बोलवा आणि जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) गाठा. पोटॅशियम वाढलं तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही आणि थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो, म्हणून हे पहिल्यांदा लिहिलं.

आता तुमच्या प्रश्नांकडे येते. तुम्ही, नणंदबाई आणि सासरे या तिघांत भांडण असलं तरी एका गोष्टीवर तिघांचंही एकमत आहे : रिपोर्टवरचे आकडे म्हणजे स्वयंपाकघराचा हिशेब. सोडियम उतरलं म्हणजे मीठ कमी पडलं, पोटॅशियम चढलं म्हणजे फळं जास्त झाली. वाद उरलाय तो फक्त चमचा कोणाच्या हातात होता याचा. मला हे एकमतच तपासून बघावंसं वाटतं.

सोडियम 129 याचा अर्थ रक्तातल्या पाण्याच्या मानाने सोडियम किती, एवढाच. सर्वसाधारणपणे ते 135 ते 145 असतं. शरीरात एकूण मीठ किती साठलंय हे या आकड्यावरून कळत नाही. हृदय थकलेल्या पेशंटचे पाय सुजलेले असतात, अंगात मीठ आणि पाणी दोन्ही गरजेपेक्षा जास्त साचलेलं असतं, तरी रिपोर्टवर सोडियम 128 येतं. कारण मिठापेक्षा पाणी जास्त साचलं. तेव्हा सोडियम उतरलेलं दिसलं की ‘मीठ कुठे गेलं’ याच्याआधी ‘पाणी का राहिलं’ हे विचारावं लागतं.

आणि पाणी ठेवायचं की सोडायचं हे ठरवतं एक हार्मोन. मेंदूच्या तळाशी ते तयार होतं, पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात सुटतं. व्हॅसोप्रेसिन त्याचं नाव. डॉक्टर त्याला एडीएच म्हणतात. रक्त जरा दाट झालं की ते वाढतं, मूत्रपिंड पाणी राखतं, लघवी गडद होते आणि जोडीला तहान लागते. रक्त पातळ झालं की ते थांबतं आणि जादा पाणी निघून जातं. पण या हार्मोनला चालना मिळायला इतरही कारणं पुरतात : मळमळ, दुखणं, अंगातलं पाणी कमी होणं, नैराश्यावरच्या आणि फिट्सवरच्या काही गोळ्या. वय वाढलं की ते गरज नसतानाही जास्त सुटतं. अशा वेळी वरून पाणी पीत राहिलं तर ते बाहेर पडत नाही आणि सोडियमचं प्रमाण खाली येतं.

म्हणजे ‘सत्तरीच्या बाईला हार्मोन कसले’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर झालं. हार्मोन म्हटलं की आपल्याकडे पाळी, मूल आणि पाळी जाणं एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण मीठ-पाण्याची हार्मोन्स बाईच्या अंगात, बुवाच्या अंगात, तान्ह्या मुलापासून नव्वदीच्या आजीपर्यंत दिवसरात्र काम करतात. ती थांबली तर माणूस काही दिवसांत दगावतो.

यातलं मुख्य हार्मोन अल्डोस्टेरॉन. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर ॲड्रिनल नावाच्या लहानशा ग्रंथी असतात, त्यांच्या अगदी बाहेरच्या थरात ते बनतं. त्याचं काम समजायला एक हिशेब बघा. आपली मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यात साधारण दीड किलो मीठ असतं. आपण खातो दहा ग्रॅमच्या आसपास. गाळलेल्या दीड किलोतलं जवळजवळ सगळं मूत्रपिंड परत घेतं. शेवटी जे थोडं उरतं त्यातलं किती राखायचं आणि किती सोडायचं, ते नळीच्या अखेरच्या भागात अल्डोस्टेरॉन ठरवतं. तिथे ते सोडियम आत ओढतं आणि पोटॅशियम लघवीत ढकलतं. आपल्याकडच्या खाजन शेतात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, खारं पाणी किती शिरलं हे नदीत मीठ किती यापेक्षा मानशीची (बांधातल्या झडपेची) दारं कशी चालतात यावर अवलंबून असतं; इथेही तसंच आहे.

अल्डोस्टेरॉनला हुकूम दोन ठिकाणांहून येतो. एक, मूत्रपिंडाकडे येणारं रक्त कमी झालं की. जुलाब, घाम, रक्तस्राव, कशानेही असो. मग मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्याच्यापासून पुढे अँजिओटेन्सिन-2 तयार होतं, रक्तवाहिन्या आवळतात आणि ॲड्रिनलला निरोप जातो : मीठ राखा. दुसरा हुकूम खुद्द पोटॅशियमचा. रक्तात ते किंचित वाढलं तरी ॲड्रिनल थेट ओळखते आणि अल्डोस्टेरॉन वाढवून ते बाहेर काढते. धडधाकट माणसाने दोन केळी आणि एक आडसर एका बैठकीत घेतलं तरी रिपोर्ट हलत नाही, त्याचं हे एक कारण. दुसरं कारण इन्सुलिन. जेवल्यावर इन्सुलिन साखरेबरोबर पोटॅशियमही पेशींत ढकलतं. शरीरातलं 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आतच असतं, रक्तात दिसतं ते जेमतेम दोन टक्के, म्हणून 3.5 ते 5 या मर्यादेत थोडीशी हालचालसुद्धा डॉक्टर गांभीर्याने घेतात. पेशीच्या भिंतीत एक पंप असतो, तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी तो 1957 मध्ये दाखवला आणि 1997 मध्ये त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. स्नायू, मज्जातंतू, हृदय सगळं याच फरकावर चालतं. हृदयाचंही स्वतःचं एक हार्मोन आहे. रक्ताचा भार वाढून वरचे कप्पे ताणले गेले की ते सुटतं आणि अल्डोस्टेरॉनच्या उलट, मीठ बाहेर काढायला सांगतं.

एवढं सगळं सांगितलं ते एका कारणासाठी. सासूबाईंच्या गोळ्या नेमक्या याच हुकमांच्या मधे उभ्या राहतात.

तुम्ही गोळ्यांची नावं लिहिली नाहीत. पत्र बाजूला ठेवा आणि पट्ट्यांचा डबा घ्या. पट्टीच्या मागे, मोठ्या अक्षरातल्या ब्रँडच्या नावाखाली बारीक छपाई असते. तिथे ‘टेल्मिसार्टन 40 मिग्रॅ’ असं काही दिसेल, किंवा शेवट ‘सार्टन’ने होणारं दुसरं नाव, किंवा ‘प्रिल’ने संपणारं, रामिप्रिल, एनालाप्रिल. ही औषधं अँजिओटेन्सिनची वाट अडवतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तदाब उतरतो, अल्डोस्टेरॉन कमी होतं, आणि म्हणूनच पोटॅशियम थोडं मागे राहतं. यांचं मूळ फार लांबचं आहे. काजू, अननस जिथून पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले त्या ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषावर काम करताना या औषधांची दिशा सापडली, आणि 1981 मध्ये कॅप्टोप्रिल हे पहिलं ‘प्रिल’ अमेरिकेत वापरात आलं. लाखो माणसांची हृदयं आणि मूत्रपिंडं या गोळ्यांनी राखली आहेत. त्यांना शत्रू समजू नका. त्या चालू असताना पोटॅशियमवर लक्ष ठेवावं लागतं, इतकंच.

त्याच पट्टीवर ‘आणि’ लिहून दुसरं नाव असू शकतं : हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन किंवा इंडापामाइड. ही लघवीची गोळी. ती सोडियम बाहेर काढते, त्यावर तिचं काम चालतं. पण ती मूत्रपिंडाची पातळ लघवी करण्याची ताकदही कमी करते, म्हणजे जास्त प्यालेलं पाणी बाहेर टाकणं अवघड होतं. वयस्क, शरीराने लहानखुऱ्या बायकांमध्ये या गोळीने सोडियम उतरतं, हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक असतं. मला वाटतं, तुमच्या डॉक्टरांनी बदलली ती हीच असावी. पण अंदाजावर जाऊ नका, नाव वाचून खात्री करा. ‘स्पायरोनोलॅक्टोन’ दिसलं तर तेही टिपून ठेवा. ते थेट अल्डोस्टेरॉनलाच अडवतं, आणि सार्टनसोबत असेल तर पोटॅशियमची तपासणी जास्त वेळा करावी लागते.

डब्यातली गुडघ्याची गोळी मला सर्वांत जास्त खुपते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात आणि रेनिनही दाबतात. सार्टन, लघवीची गोळी आणि ही दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र आल्या की मूत्रपिंडावर फार भार पडतो. मधुमेहाने रेनिन-अल्डोस्टेरॉन आधीच मंदावलेलं असू शकतं. आणि ‘लागली तर घेते’ म्हणून ही गोळी डॉक्टरांना कोणीच सांगत नाही. तुम्ही सांगितली होती का? नसेल तर उद्याच्या फोनवर तीच पहिली सांगा, आणि डॉक्टर परत ‘घ्या’ म्हणेपर्यंत ती थांबवा. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल किती चालेल तेही विचारून घ्या.

आता मिठाचं पाकीट. पुढच्या बाजूला ‘कमी सोडियम’ लिहिलेलं असतं. मागची घटकांची यादी वाचा, तिथे ‘पोटॅशियम क्लोराइड’ सापडेल. सोडियमचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. ज्याची मूत्रपिंडं ठीक आहेत त्याला याचा रक्तदाबासाठी फायदाच होतो. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2025 मध्ये असं मीठ वापरण्याची शिफारस केली, पण सोबत स्पष्ट म्हटलं की मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किंवा पोटॅशियम बाहेर टाकण्यात अडथळा असलेल्यांना, तसंच गरोदर बायका आणि मुलांना ती लागू नाही. सार्टन घेणारी, साखर असलेली सत्तरीची बाई या अपवादात बसते. त्यात रोजचं आडसर. एका आडसरात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं आणि सोडियम त्या मानाने फार थोडं. धडधाकट माणसाला ते उन्हाळ्यातलं उत्तम पेय. सासूबाईंना मात्र सध्या नको.

तर चूक कोणाची? मीठ कमी करायला घेतलं हे तुमचं अगदी बरोबर होतं. रक्तदाब असलेल्या घरात तेच करायचं असतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे सपाट भरलेला चहाचा एक चमचा. त्यात लोणच्यातलं, सुक्या बांगड्यातलं, पावातलं मीठसुद्धा आलं. चुकला तो एकत्र जमलेला मेळ : पोटॅशियमचं मीठ, रोजचं आडसर, तीन-चार लिटर पाणी, आणि खाली दोन-तीन औषधं. उन्हाळ्यात भूक मेली की आपल्याकडची म्हातारी माणसं सकाळी पेज, दुपारी चार घास, रात्री पुन्हा पेज अशी राहतात. मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायलाही मीठ आणि प्रथिनांतून येणारा युरिया लागतो. खाणं कमी आणि पाणी जास्त झालं की सोडियम आणखी उतरतं. तेव्हा अळणीपणाचा हात यात मुळीच नाही असं मी म्हणणार नाही. आहे, पण तो एकट्याने हे करू शकत नव्हता. औषधं लिहिताना कोणी तुम्हाला हे सांगितलं नसेल तर तुम्हाला कळणार तरी कुठून?

सासऱ्यांची मिठाची वाटी मात्र उचला. मनाने वरून मीठ घातलं तर रक्तदाब चढेल, आणि आकडा सुधारेलच असं नाही. डॉक्टरांनी थोडे दिवस मीठ वाढवायला सांगितलं तर जरूर वाढवा, त्यांनी सांगितलेल्या मापाने. सोडियम घाईने वर नेणंही धोक्याचं असतं. फार झपाट्याने वाढलं तर मेंदूला इजा होते. म्हणून हॉस्पिटलातसुद्धा दिवसाला साधारण 8 ते 10 पेक्षा जास्त चढू देत नाहीत. तोवर साधं मीठ, बेताचं, शिजवतानाच घातलेलं. सैंधव आणलं, काळं मीठ आणलं, आगरवाड्याचं जाडं मीठ आणलं तरी सगळ्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं, त्याने या बाबतीत काही वेगळं होत नाही.

पाण्याचा तीन-चार लिटरचा नेम आजच मोडा. तहानेपुरतं द्या. एकदम आवळूही नका, आपल्याकडचा मे महिना आहे. दिवसाला किती, ते डॉक्टरांकडून लिटरमध्ये लिहून घ्या आणि त्यात चहा, पेज, सोलकढी, ताक सगळं मोजा. जुलाब झाले म्हणून ओआरएसचं पाकीट विचारल्याशिवाय देऊ नका, त्यातही पोटॅशियम असतं. उलट्या-जुलाबांच्या दिवशी सार्टन आणि लघवीची गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे आधीच विचारून, कागदावर लिहून फ्रिजवर लावून ठेवा. रक्तदाबाची गोळी एरवी मनाने बंद करू नका.

फळं-भाज्या बंद करायच्या नाहीत, सध्या निवडायच्या आहेत. आडसर, केळी, सुकामेवा, टोमॅटोचं सार, रताळी पुढचा रिपोर्ट येईपर्यंत बाजूला. अननसाची फोड, सफरचंदाचे काप साखर बघून चालतील. तांबडी भाजी, बटाटा, सुरण हवंच असेल तर बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडा आणि ते पाणी ओतून द्या. पोटॅशियमचा बराच भाग पाण्याबरोबर जातो. आकडा पाचच्या खाली स्थिर झाला की डॉक्टरांशी बोलून एकेक गोष्ट परत आणता येईल. फळं-भाज्यांचं पोटॅशियम रक्तदाबाला हितकारकच असतं, म्हणून मला ही बंदी कायमची झालेली नकोय.

रक्त देतानाही एक बघा. लॅबमध्ये दंडाला पट्टा आवळून ‘मूठ उघडझाप करा’ म्हणतात, शीर सापडत नाही म्हणून सुई दोनदा टोचतात. अशाने स्नायूंतलं पोटॅशियम बाहेर येतं, तांबड्या पेशी फुटतात आणि रिपोर्टमध्ये ते खोटंच जास्त दिसतं. पुढच्या वेळी मूठ आवळू नका असं सासूबाईंना सांगा, आणि नमुना लवकर लॅबमध्ये पोचेल अशी सकाळची वेळ घ्या. मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी क्रिएटिनिनची तपासणीही त्याच वेळी करून घ्या.

औषधं बदलून, पाकीट बदलून, पाणी आवरून दोन्ही आकडे जागेवर आले तर प्रश्न मिटला. आले नाहीत तर डॉक्टरांना ॲड्रिनलबद्दल विचारा. सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त ही जोडी ॲड्रिनल ग्रंथी निकामी होण्यातही दिसते; थॉमस ॲडिसन यांनी 1855 मध्ये हा आजार वर्णिला. वजन घटतं, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, रक्तदाब गोळ्यांशिवायच उतरलेला राहतो, हातांच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळवंडतात, आणि मीठ खावंसं वाटतं. आपल्या देशात क्षयरोगाने या ग्रंथी खराब होतात, त्यामुळे जुना क्षय घरात होऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगा. कॉर्टिसॉल हे ॲड्रिनलचंच दुसरं हार्मोन, सकाळी ते तपासलं की पहिला अंदाज येतो. सासूबाईंच्या बाबतीत मला ही शक्यता कमी वाटते, पण डॉक्टरांच्या कानावर असलेली बरी.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडं. संधिवात किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या असतील, किंवा ‘गुडघेदुखीची पुडी’ म्हणून नाव नसलेलं काही खात असाल, तर ते एका दिवसात बंद करू नका. ॲड्रिनल तोवर सुस्त झालेली असते, आणि अचानक थांबवलं की रक्तदाब आणि सोडियम दोन्ही कोसळू शकतं. उलट टोकाचेही पेशंट असतात : पस्तिशी-चाळिशीत रक्तदाब, तीन-तीन गोळ्यांनी आवरत नाही, पोटॅशियम मात्र कमी, पायांत गोळे. तिथे अल्डोस्टेरॉन गरजेपेक्षा जास्त बनत असू शकतं. जेरोम कॉन यांनी 1955 मध्ये हे दाखवलं. अल्डोस्टेरॉन आणि रेनिनचं प्रमाण तपासून ते ओळखता येतं आणि काहींचा रक्तदाब शस्त्रक्रियेने पूर्ण बराही होतो. आणि खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा घेणाऱ्यांनी तो आठवडेच्या आठवडे चालू ठेवू नये. ज्येष्ठमधामुळे शरीरातलं कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनचं काम करू लागतं, रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. बागायतीत दिवसभर राबणाऱ्या धडधाकट माणसाचं वेगळं : ऊन सुरू झाल्यावर दहा-पंधरा दिवसांत अल्डोस्टेरॉन घामातलं मीठसुद्धा कमी करतं, शरीर सरावतं. त्या पहिल्या दिवसांत नुसतं पाणी न पिता मीठ घातलेली पेज, लिंबू-मीठ पाणी घ्यावं.

नणंदबाईंबद्दल शेवटी. आई अशी अचानक हातातून निसटताना लांबून बघायची म्हणजे जीव तुटतो, आणि त्यात जवळ असलेल्या माणसावर राग निघतो. त्यांना फोनवर पटवत बसू नका. पुढच्या तपासणीला त्यांनाच सोबत बोलवा, गोळ्यांचा डबा, मिठाचं पाकीट आणि दोन्ही रिपोर्ट त्यांच्या हातात द्या, डॉक्टरांना प्रश्न त्यांना विचारू द्या. हे प्रश्न तेवढे राहू देऊ नका : यातली कोणती गोळी सोडियम उतरवते आणि कोणती पोटॅशियम चढवते? ती का लागते, आणि पर्याय आहे का? आणि यापुढे रक्त किती महिन्यांनी तपासायचं?